गणपतीला मुलगा येईल, मग बघू!

आपल्या रत्नागिरी जिल्ह्याचं एक कौतुक महिला दिनाच्या भाषणांत हमखास ऐकायला मिळतं. २०११ च्या जनगणनेत इथे दर हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया निघाल्या. साऱ्या महाराष्ट्रात हे प्रमाण सर्वात जास्त! वक्ते आकडा सांगतात, टाळ्या पडतात, गुच्छ दिला जातो. पण मैत्रिणींनो, हा आकडा मुलींच्या स्वागताचा नाही. सहा वर्षांखालच्या मुलांत इथेही मुलीच कमी आहेत. आकडा फुगला तो घरातले पुरुष मुंबईला गेले म्हणून. चाकरमानी तिकडे, म्हातारी इकडे. जिल्ह्याची लोकसंख्या २००१ मध्ये १६ लाख ९६ हजार होती, ती २०११ मध्ये १६ लाख १५ हजारांवर आली. म्हणजे गावं रिकामी होत चालली आणि जी माणसं उरली त्यांत बायका जास्त, त्यातही वय झालेल्या जास्त.

आता तुम्ही म्हणाल, हे सगळं ठीक, पण आजचा विषय तर डोळ्यांचा आहे! तर या दोन गोष्टींचा फार जवळचा संबंध आहे. आमच्या मंडळातर्फे आम्ही गावोगावी डोळे तपासणीची शिबिरं घेतो. तिथे मोतीबिंदू निघालेल्या बाईला 'ऑपरेशनला कधी येता?' असं विचारलं, की पैशाचं नाव क्वचितच निघतं. भीतीचंही फारसं नाही. ठरलेलं उत्तर येतं, 'गणपतीला मुलगा येईल, मग बघू.' गणपतीत मुलगा येतो, पाच दिवस आरत्या-भजनं होतात, सातव्या दिवशी तो गाडीत बसतो. मग शिमगा. मग मे महिना. मे महिन्यात नातवंडं आलेली असतात, आंबे उतरवायचे असतात, फणसपोळ्या वाळत घालायच्या असतात. आणि पुन्हा पाऊस! अशी दोन-तीन वर्षं सहज निघून जातात.

खरं म्हणजे पूर्वी या थांबण्याला कारण होतं. वीस-पंचवीस वर्षांपूर्वीपर्यंत आपल्याकडे डोळ्याचं काही मोठं दुखणं निघालं की मुंबईच गाठावी लागे, नाहीतर कोल्हापूर, मिरज, पुणे. मुलाच्या दहा बाय बाराच्या खोलीत राहून जे.जे.च्या चकरा मारायच्या, हे कोकणातल्या कितीतरी घरांनी केलंय. जे.जे.चं नाव आपल्या घराघरांत झालं ते डॉ. तात्याराव लहाने यांच्यामुळे. लातूर जिल्ह्यातल्या माकेगावच्या गरीब घरातला हा मुलगा. १९९५ मध्ये त्यांची दोन्ही मूत्रपिंडं निकामी झाली तेव्हा त्यांच्या आईनं स्वतःचं मूत्रपिंड दिलं आणि त्यानंतर या माणसानं लाखावर मोतीबिंदूच्या शस्त्रक्रिया केल्या. २००८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांच्या ओपीडीबाहेरच्या रांगेत आपल्या लांजा-राजापूरची माणसं हमखास असायची.

आज मात्र चित्र बदललंय. रत्नागिरी शहरात, चिपळूणमध्ये खाजगी नेत्र रुग्णालयं आहेत, तिथे बिनटाक्याच्या फेको शस्त्रक्रिया रोज होतात. जिल्हा शासकीय रुग्णालयात मोतीबिंदूचं ऑपरेशन भिंगासकट मोफत होतं. २०२३ पासून रत्नागिरीत शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालंय. डेरवणला वालावलकर रुग्णालय आहे. एसटीचं भाडंही आता अडचण राहिलेलं नाही. ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तरीपुढच्या माणसांना प्रवास मोफत झाला, मार्च २०२३ पासून सगळ्याच बायकांना अर्धं तिकीट झालं. म्हणजे डॉक्टर जवळ आला, खर्च कमी झाला, गाडीभाडं घटलं. तरी बाई घरातच! असं का?

देशाचे आकडे आधी बघू. आपला देश १९७६ पासून अंधत्व नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम चालवतो. २०१५ ते २०१९ या काळात त्याअंतर्गत मोठं सर्वेक्षण झालं. त्यात अंधत्वाचं प्रमाण ०.३६ टक्के निघालं. आधीच्या सर्वेक्षणांत ते एक टक्क्याच्या आसपास होतं. प्रगती आहेच, पण थोडं थांबा. २०१७ मध्ये अंधत्वाची व्याख्याही बदलली. पूर्वी चष्म्यासकट सहा मीटरवरून तक्त्यातलं सगळ्यात मोठं अक्षर न दिसणारा अंध धरला जाई. आता तीन मीटरवरून बोटं मोजता न येणारा अंध धरतात. त्यामुळे घट झाली ती सगळीच उपचारांमुळे असं म्हणता येत नाही. याच सर्वेक्षणात पन्नाशीपुढच्या अंध माणसांत जवळजवळ ६६ टक्के निव्वळ मोतीबिंदूमुळे अंध निघाली. म्हणजे तिघांतली दोन माणसं अशी, की ज्यांना अर्ध्या तासाच्या शस्त्रक्रियेनं दिसू लागलं असतं! जगाचा हिशोब पाहिला तर २०२० मध्ये सुमारे ४ कोटी ३० लाख माणसं अंध होती आणि त्यांत ५५ टक्के बायका. आपण जास्त जगतो हे एक कारण. पण दुसरं कारण साधं आहे. घरात दोघांनाही मोतीबिंदू असेल तर आधी ऑपरेशन कोणाचं होतं, हे मी तुम्हाला सांगायला नको.

'म्हातारीला काय करायचंय बघून? तिला कुठं पेपर वाचायचाय?' हे वाक्य मी या कानांनी ऐकलंय. आणि वाईट याचं वाटतं, की पुष्कळदा ते म्हातारीच बोलते! 'आता काय गो बाय, आमचं झालं. चुलीपुढचं दिसतंय तेवढं बस.' चुलीपुढचं तरी कुठं दिसतं? तांदळातला खडा दिसत नाही, आमटीत झुरळ पडलेलं कळत नाही, पायरीचा अंदाज चुकतो. कोकणातली घरं आठवा. जोतं उंच, अंगणात उतरायला चिऱ्याच्या पायऱ्या, पावसाळ्यात त्यावर शेवाळ, आणि न्हाणीघर मागच्या पडवीत. पडून खुबा मोडला की म्हातारी अंथरुणाला खिळते. मग मुंबईचा मुलगा येतोच, सुट्टी काढून, कर्ज काढून. डोळ्याच्या ऑपरेशनला चार दिवस नव्हते, पण खुब्याच्या ऑपरेशनला महिना निघतो.

दुसरा अडथळा म्हणजे जुनी समजूत. 'मोतीबिंदू पिकू दे, मग काढू' आणि 'ऑपरेशन थंडीतच करावं'. या समजुतींना हसू नये, कारण एके काळी त्या खऱ्या होत्या. आपल्या आज्यांच्या वेळी डोळ्याला मोठा छेद घेऊन अख्खं भिंगच बाहेर काढत. ते कच्चं असलं तर नीट निघत नसे, म्हणून पिकायची वाट बघत. टाके असत, डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या लावून दिवसच्या दिवस न हलता पडून राहावं लागे, आणि शेवटी मिळे तो सोडावॉटरच्या बाटलीच्या बुडासारखा जाड चष्मा. घामाच्या दिवसांत जखम चिघळायची भीती, म्हणून थंडी बरी.

हे बदललं कसं त्याची गोष्ट गमतीची आहे. दुसऱ्या महायुद्धात विमानाच्या काचेचे, म्हणजे एक प्रकारच्या प्लास्टिकचे, तुकडे काही वैमानिकांच्या डोळ्यांत घुसले. हॅरॉल्ड रिडली नावाच्या लंडनच्या डॉक्टरांच्या लक्षात आलं, की हे तुकडे डोळ्याला त्रास देत नाहीत. त्यावरून त्यांनी १९४९ मध्ये पहिलं कृत्रिम भिंग डोळ्यात बसवलं. त्यांच्याच व्यवसायबंधूंनी त्यांना बरीच वर्षं वेड्यात काढलं. पुढे १९६७ मध्ये अमेरिकेत चार्ल्स केलमन यांनी फेको काढलं. ध्वनिलहरींनी आतल्या आत मोतीबिंदू फोडून शोषून घ्यायचा. छेद जेमतेम दोन-तीन मिलिमीटरचा. त्यातून घडी घातलेलं भिंग आत सरकवतात, ते आत जाऊन उलगडतं. पण ही भिंगं परदेशातून यायची आणि गरिबाला परवडायची नाहीत. मदुराईच्या अरविंद नेत्र रुग्णालयानं, जे डॉ. वेंकटस्वामींनी १९७६ मध्ये ११ खाटांवर सुरू केलं, त्यांनी १९९२ मध्ये स्वतःचा कारखाना काढून भिंगं इथेच बनवायला घेतली आणि किंमत कितीतरी खाली आली. आज सरकारी दवाखान्यात आजीच्या डोळ्यात फुकट भिंग बसतं, त्यामागे ही सगळी माणसं आहेत.

तेव्हा आता पिकायची वाट बघायची नाही. उलट फार पिकलेला मोतीबिंदू घट्ट होतो, फोडायला कठीण जातो, काही वेळा फुगून डोळ्याचा दाब वाढवतो आणि मग डोळा दुखून लाल होतो. अशा वेळी ऑपरेशन करूनही पूर्वीसारखं दिसेलच असं नाही. ऋतूचंही बंधन राहिलेलं नाही. दिसण्यामुळे रोजची कामं अडायला लागली, की तीच योग्य वेळ.

आता थोडं त्या दवाखान्यात जाऊ. पुष्कळ जणींना तिथं काय करतात हेच माहीत नसल्यामुळे धास्ती वाटते. आधी तक्त्यावरची अक्षरं वाचायला सांगतात. वाचता येत नसेल तर लाजू नका, उघड्या चौकोनांचा किंवा चित्रांचा तक्ता असतो. मग चष्म्याचा नंबर, डोळ्याचा दाब, आणि यंत्राला हनुवटी टेकवून पुढच्या भागाची तपासणी. त्यानंतर बाहुली मोठी करणारं औषध घालतात आणि अर्धा-पाऊण तास डोळे मिटून बसवतात, कारण त्याशिवाय मागचा पडदा नीट दिसत नाही. ही तपासणी कंटाळा करून टाळू नका. मात्र त्यानंतर चार-सहा तास जवळचं धूसर दिसतं, उजेड सहन होत नाही. इथेच तर गोम आहे! एकटी बाई साखरप्याहून एसटीनं आली, डोळ्यात औषध घातलं, आता तिला गाडीवरची पाटी कोण वाचून देणार? 'सोबत माणूस आणा' हे डॉक्टरांचं म्हणणं बरोबरच आहे. पण माणूस तर परळला आहे नाहीतर नालासोपाऱ्याला!

ऑपरेशन ठरलं की भिंगाचा प्रश्न येतो. खाजगीत गेलात तर समोर दरपत्रक येतं. साधं, घडीचं, परदेशी, दूरचं-जवळचं दोन्ही दिसणारं, तिरका नंबर घालवणारं. आकडे पाच हजारांपासून लाखाकडे चढत जातात आणि घरच्यांना वाटतं, की स्वस्तातलं घेतलं तर आईवर अन्याय होईल. माझं स्पष्ट मत सांगते. एकाच अंतरावर दिसणारं चांगल्या प्रतीचं साधं भिंग बहुतेक आज्यांना उत्तम चालतं, जवळच्या कामाला नंतर चष्मा लागतो इतकंच. चष्मा अजिबात नकोच म्हणून महाग भिंग घेतलं आणि रात्री दिव्याभोवती वलयं दिसायला लागली, अशाही तक्रारी असतात. कोणाला ते चांगलं लागू पडतं, कोणाला नाही. 'माझ्या डोळ्याला याची गरज आहे का, आणि का?' हा प्रश्न डॉक्टरांना तोंडावर विचारायचा. चांगला डॉक्टर राग मानत नाही. सरकारी योजनेत काय बसतं आणि काय नाही, ते रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला आधी विचारून घ्यायचं, बिल हातात पडल्यावर नाही.

शिबिरांविषयीही एक सांगायलाच हवं, कारण शिबिरं भरवणाऱ्यांत मीही आहे. शिबिर हे तपासणीपुरतं. ऑपरेशन शाळेच्या वर्गात किंवा मंगल कार्यालयात कधीही होऊ द्यायचं नाही, भले कितीही मोठ्या माणसाचा वाढदिवस असो. नोव्हेंबर २०१४ मध्ये पंजाबात गुरदासपूरजवळ घुमान इथे एका शिबिरात केलेल्या ऑपरेशनांनंतर कितीतरी म्हाताऱ्या माणसांची दृष्टी गेली. हे घुमान म्हणजे संत नामदेवांचं घुमान, आपल्या ओळखीचं. तेव्हा शिबिरात नाव घालताना विचारा, ऑपरेशन कुठल्या रुग्णालयात आहे? दुसऱ्या दिवशी पट्टी कोण सोडणार? डोळा लाल झाला, दुखला तर रात्री फोन कोणाला करायचा? तिन्हींची उत्तरं मिळाली नाहीत तर फुकटचा चष्मा घ्यावा आणि घरी यावं.

मोतीबिंदूचं एवढं बोललं जातं, की बाकीचे आजार झाकून जातात. काचबिंदू घ्या. नावात साम्य असल्यामुळे बायका दोन्ही एकच समजतात. मोतीबिंदूत गेलेली नजर परत येते, काचबिंदूत गेलेली येत नाही. डोळ्यातला दाब वाढून मागची नस हळूहळू मरते. आधी कडेकडेचं दिसेनासं होतं, मधलं शाबूत राहतं, त्यामुळे बाईला पत्ताच लागत नाही. औषध रोज आणि जन्मभर. आणि औषधानं जास्त दिसायला लागतं असंही नाही, जे आहे ते फक्त टिकतं. म्हणूनच 'काही फरक पडत नाही' म्हणून बायका दोन महिन्यांत बाटली बंद करतात. काचबिंदूचा एक प्रकार बायकांत जास्त आढळतो. अचानक डोळा आणि डोकं भयंकर दुखतं, उलट्या होतात, दिव्याभोवती रंगीत कडी दिसतात. आपण काय करतो? पित्त झालं म्हणून सुंठसाखर खातो, अर्धशिशी म्हणून डोकं बांधून झोपतो. तो डोळा दोन-चार दिवसांत कायमचा जाऊ शकतो. आईला, मावशीला, सख्ख्या बहिणीला काचबिंदू असेल तर चाळिशीनंतर आपला दाब मोजून घ्यायचाच.

मधुमेहाचंही तसंच. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआरच्या अभ्यासात देशात दहा कोटींवर मधुमेही असल्याचा अंदाज निघाला. त्यांनी वर्षातून एकदा डोळ्याचा मागचा पडदा तपासायचा असतो, स्वच्छ दिसत असलं तरीही. दिसायचं कमी होतं तेव्हा पडद्यावर रक्त उतरलेलं असतं. आणि घरात अपुऱ्या दिवसांचं, चौतीस आठवड्यांच्या आधीचं किंवा दोन किलोपेक्षा कमी वजनाचं बाळ जन्मलं असेल तर महिन्याच्या आत त्याचेही डोळे तज्ज्ञाला दाखवायचे. बाळंतपणाच्या गडबडीत हे राहून जातं.

भातकापणीचा काळ आला की आमच्याकडे आणखी एक प्रकार वाढतो. पात्याचं टोक, गवताचं कुसळ डोळ्याला लागतं. लाल होतो, पाणी येतं. बाई पदराची फुंकर घेते, कोणी मध घालायला सांगतं, कोणी बाळंतिणीचं दूध. ते सगळं करून झालं की मेडिकलवरून थेंबांची बाटली आणतात. त्या थेंबांत पुष्कळदा स्टिरॉइड असतं. दोन दिवस लाली जाते, बरं वाटतं, आणि आतली बुरशीची जखम मात्र फोफावते. मग बुबुळावर पडलेलं फूल जन्माचं. शेतातलं काही डोळ्याला लागलं तर त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी दवाखाना, मेडिकल नव्हे! आणि पानाच्या चंचीतल्या चुन्याची पुडी लहान मुलांच्या हाती पडू देऊ नका. ती दाबली की फुटून चुना सरळ डोळ्यात जातो. गेलाच, तर आधी डॉक्टर शोधत बसायचं नाही. स्वच्छ पाण्याची धार वीस-पंचवीस मिनिटं धरायची, डोळा उघडा ठेवून, चुन्याचे कण निघून जाईपर्यंत. मग दवाखाना.

आता आपल्या वयाच्या बायकांकडे येते, कारण आपण आईचं-सासूचं बोलतो आणि स्वतःचं विसरतो. चाळिशी! मराठीनं वयाला आणि चष्म्याला एकच शब्द ठेवलाय, इतकं हे ठरलेलं आहे. तरी सुई ओवायला लेकीला हाक मारतो, औषधाच्या पट्टीवरची तारीख हात लांब करून वाचतो, पण चष्मा नको. 'म्हातारी दिसेन.' २०२४ मध्ये चाळिशीचा चष्मा घालवणाऱ्या थेंबांची मोठी बातमी झाली होती, आठवतंय? केंद्राच्या औषध नियंत्रकांनी दिलेली परवानगी तीन आठवड्यांतच स्थगित केली, जाहिरातीत नको ते दावे केले म्हणून. पण त्या आठवड्यात मला किती फोन आले म्हणून सांगू!

ही हौसेची गोष्ट नाही, मजुरीची आहे. आसामातल्या चहाच्या मळ्यांत चाळिशीपुढच्या साडेसातशे कामगारांवर एक अभ्यास झाला, तो २०१८ मध्ये लॅन्सेटच्या मासिकात आला. अर्ध्यांना जवळचा साधा चष्मा दिला, बाकीच्यांना नंतर दिला. चष्मा मिळालेल्यांची पानतोडणी दुसऱ्यांपेक्षा सुमारे २२ टक्क्यांनी जास्त भरली, पन्नाशीपुढच्यांची तर ३२ टक्क्यांच्या जवळपास. आता आपल्याकडच्या काजूच्या कारखान्यांत बघा. गराची साल सोलणं, अख्खा आणि तुकडा वेगळा करणं, डागी गर बाजूला काढणं, सगळं बायकाच करतात आणि किलोवर पैसे मिळतात. मिरकरवाड्याला कोळंबी सोलणाऱ्यांचं तेच. पंचेचाळिशीच्या बाईचं वजन कमी भरायला लागतं, तेव्हा ती म्हणते, 'हात चालत नाहीत.' हात चालतात, डोळे चालत नाहीत! दीड-दोनशे रुपयांचा चष्मा महिन्याभरात वसूल होईल. काजू युनिटच्या मालकांनी वर्षातून एकदा नेत्र चिकित्सा अधिकाऱ्यांना बोलावून कारखान्यातच तपासणी करून घ्यावी, त्यांचाच माल वाढेल. पासष्टीपुढच्यांसाठी २०२४ मध्ये मुख्यमंत्री वयोश्री योजना जाहीर झाली, तिच्यात चष्म्यासारख्या वस्तूंसाठी तीन हजार रुपये धरलेले आहेत, त्याचीही ग्रामपंचायतीत चौकशी करा.

आता पुन्हा त्या 'मुलगा येईल'कडे. मुलगा नेमका कशाला हवा असतो, हे आम्ही एकदा बायकांशी बसून नीट विचारलं. ऑपरेशनला तो काहीच करत नाही, बाहेर बाकावर बसतो. सहीला शेजारीणही चालते. तो हवा असतो नंतरसाठी. ऑपरेशननंतर महिना-दीड महिना डोळ्यात थेंब घालायचे, सुरुवातीला दिवसातून सहा वेळा, मग कमी कमी. एकट्या राहणाऱ्या बाईला स्वतःच्या डोळ्यात थेंब नीट घालता येत नाहीत, निम्मे गालावर जातात, बाटलीचं टोक डोळ्याला लागतं. पहिला आठवडा तोंडावर पाणी नको, चुलीचा धूर नको, कळशी उचलायची नाही, वाकून भाजी चिरायची नाही. मग स्वयंपाक कोण करणार? गोठ्यातल्या गाईचं कोण बघणार? दुसरा दिवस, आठवडा, महिना अशा फेरतपासण्या, त्याला कोण नेणार? मुंबईची सून म्हणते, 'आई, इकडेच या ना ऑपरेशनला.' ती म्हणते, 'घर कोणावर टाकू?'

म्हणजे अडचण डोळ्याची नाही, सहा आठवड्यांच्या सोबतीची आहे. आणि ती सुटू शकते. आमच्याकडच्या एका वाडीत बचत गटाच्या बायकांनी असं केलं, की तीन आज्यांचं ऑपरेशन एकाच दिवशी लावून घेतलं. एक रिक्षा, एक सोबतीण. परत आल्यावर आठ दिवस तिघींनाही एकाच घरी ठेवलं, डबा पाळीपाळीनं पाच घरांतून. थेंबांच्या वेळा मोठ्या अक्षरांत कागदावर लिहून भिंतीला लावल्या, प्रत्येक वेळेपुढे घालणारीचं नाव. हात साबणानं धुऊन, आजीला आडवं झोपवून, खालची पापणी ओढून एक थेंब, असं आशाताईंनी एकदा करून दाखवलं. तिघींची मिळून अशी काही करमणूक झाली, की चौथी आजी, जी दोन वर्षं 'नको' म्हणत होती, ती आपणहून विचारायला आली, 'माझा नंबर कधी?'

सगळंच बायकांच्या अंगावर टाकून सरकारनं मोकळं व्हावं असं मात्र माझं म्हणणं नाही. २०२२ मध्ये राष्ट्रीय नेत्रज्योती अभियान सुरू झालं, तीन वर्षांत २ कोटी ७० लाख मोतीबिंदू शस्त्रक्रियांचं उद्दिष्ट ठेवून. २०२२-२३ या एका वर्षात ८० लाखांहून जास्त शस्त्रक्रिया झाल्याही. आकडा मोठा आहे. पण हा हिशोब ऑपरेशनांचा. महिन्याभरानंतर त्या बाईला किती दिसतंय, तिला नंबरचा चष्मा मिळाला का, हे गावपातळीवर कोणी विचारायला येत नाही. कितीतरी जणी फेरतपासणीला जातच नाहीत, कारण त्यासाठी पुन्हा रत्नागिरी गाठायची. ग्रामीण रुग्णालयात नेत्र चिकित्सा अधिकारी असतात. ऑपरेशन रत्नागिरीत होऊ दे, पण आठवड्याची आणि महिन्याची तपासणी, चष्म्याचा नंबर काढणं, हे देवरुखला, लांज्याला, पालीला का होऊ नये? खाजगी डॉक्टरांनीही आठवड्यातून एक दिवस तालुक्याला बसून हे करावं, काहीजण करतातही. ग्रामसभेत रस्त्याचा आणि पाण्याचा ठराव होतो तसा हाही एक ठराव घालता येतो. ऑगस्टच्या ग्रामसभेत घातला, तर गणपतीला मुलगा येईपर्यंत आईचं ऑपरेशन होऊन दुसरी तपासणीही झालेली असेल.